सोळा सामने, सोळा पराभव

मागच्या अंकात मिशिगनच्या हिवाळ्याबद्दल लिहिताना मी डेट्रॉईट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा ओझरता उल्लेख केला होता. २००८ च्या हंगामात हा संघ सोळाच्या सोळा सामने हरला, एवढंच. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी दारातला बर्फ उपसण्यावरच्या अख्ख्या लेखावर आली नाहीत. मी खेळाडू नाही, पत्रकारही नाही. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉस्टिंगला होते, निवृत्त होऊनही हिशेब तपासायची खोड गेलेली नाही, आणि लायन्सचे सामने नव्वदच्या दशकापासून बघते आहे. त्या भांडवलावर जमतील तशी उत्तरं देते.

ताई, माझा मुलगा डेट्रॉईटजवळ राहतो. २००८ बद्दल विचारलं तर म्हणतो, "बाबा, तो विषय नको." व्यावसायिक संघ, लाखो डॉलर घेणारे खेळाडू आणि वर्षभरात एकही विजय नाही? इतकं वाईट खेळायला जमतं तरी कसं? (एक आजोबा, ठाणे)

आजोबा, आधी आकडे. त्या हंगामात लायन्सनी २६८ गुण केले आणि ५१७ दिले. म्हणजे दर सामन्याला सतराच्या आसपास कमवायचे आणि बत्तीस घालवायचे. हा ताळेबंद पाहून कुणीही म्हणेल, दुकान बंद करा. पण सामने एकेक करून तपासले की चित्र जरा वेगळं दिसतं. सोळापैकी पाच सामने त्यांनी आठ किंवा त्याहून कमी गुणांनी घालवले: मिनेसोटाशी दोनदा, ह्यूस्टनशी, वॉशिंग्टनशी आणि शिकागोशी. आठ गुण म्हणजे एक टचडाउन, म्हणजे चेंडू पलीकडच्या टोकापर्यंत नेण्याचे सहा गुण, आणि त्यावरचे दोन. शिकागोत तर मध्यंतराला लायन्स पुढे होते, शेवटी २७-२३ ने हरले. टँपाविरुद्ध १७-० अशी आघाडी घेतली आणि ३८-२० ने हरले. तेव्हा आमच्या घरात १७-० झाल्यावर माझ्या नवऱ्याने उठून चहा ठेवला. चहा होईपर्यंत सगळं पूर्ववत झालं होतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाने सांगितली नसेल. ऑगस्टमधले सरावाचे चारही सामने लायन्सनी जिंकले होते! लोक बायकापोरांसह तिकिटं काढायच्या गप्पा मारत होते. मग सप्टेंबरच्या ७ तारखेला अटलांटात खरा हंगाम सुरू झाला. अटलांटाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून चढाई चालवणारा गडी, मॅट रायन तेव्हा अगदी नवखा. त्याने व्यावसायिक कारकिर्दीतला पहिलाच पास टाकला तो ६२ यार्डांचा टचडाउन. त्याच सामन्यात मायकेल टर्नरने चेंडू घेऊन २२० यार्ड धाव काढली. पहिल्याच दिवशी कळलं की बचावाच्या जागी नुसते कपडे उभे आहेत.

लोकांना आठवतो तो मात्र १२ ऑक्टोबरचा मिनेसोटातला सामना. नेहमीचा क्वार्टरबॅक जॉन किटना पाठीच्या दुखण्याने बाहेर, म्हणून डॅन ऑर्लोव्हस्की खेळत होता. आपल्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात उभा राहून, पास टाकायला जागा शोधत तो पळाला आणि पळता पळता मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर गेला. त्याला पत्ताच नाही. रेषा ओलांडून तसाच पळतोय. नियमाप्रमाणे असं झालं की प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात. सामना संपला १२-१० असा. दोनच गुण! ऑर्लोव्हस्की आज दूरचित्रवाणीवर नामांकित विश्लेषक आहे आणि स्वतःच त्या पळण्यावर विनोद करतो. पण त्या सामन्याचा निकाल एकट्या त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. शेवटच्या काही सेकंदांत मिनेसोटाने फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून, तीन गुण) मारून सामना नेला, तेही लायन्सवर लावलेल्या एका फार मोठ्या आणि वादग्रस्त दंडानंतर. ती चित्रफीत कुणी पाहत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

पुढे पुढे माणसंच कमी पडू लागली. रिसिव्हर (पास झेलणारा) रॉय विल्यम्सला ऑक्टोबरमध्ये डॅलसला देऊन टाकलं. डॉन्टे कल्पेपर या क्वार्टरबॅकने सप्टेंबरमध्ये निवृत्ती जाहीर केली होती. त्याला नोव्हेंबरमध्ये बोलावून आणलं आणि खेळायला लावलं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, सगळा देश टर्की खात टीव्हीसमोर बसलेला असताना, टेनेसीने ४७-१० ने धुतलं. २८ डिसेंबरला ग्रीन बेमध्ये ३१-२१. सोळा संपले. सोळा सामन्यांच्या हंगामात सगळे सामने हरणारा हा पहिला संघ. त्याआधी १९७६ मध्ये टँपाचा नवा संघ एकही सामना जिंकला नव्हता, पण तेव्हा हंगाम चौदा सामन्यांचा होता.

याच हरणाऱ्या संघात केल्विन जॉन्सन नावाचा एक रिसिव्हर होता. त्याने त्या वर्षी १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन केले. पुढे तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की खेळाडू खेळतच होते. संघ बांधणाऱ्यांनी काय केलं, ते पुढच्या पत्रात येतं आहे.

मी सीए आहे, म्हणून सरळ विचारतो. सलग हरणाऱ्या संघाच्या मालकाचा धंदा बुडत नाही का? बुडत असेल तर तो काही करत का नाही? (पुणे)

हे पत्र वाचून मला माझी जुनी खुर्ची आठवली. बुडत नाही. लीगमधल्या ३२ संघांना राष्ट्रीय टीव्ही करारांचे पैसे समान वाटून मिळतात. सोळा जिंका, सोळा हरा, धनादेश तेवढाच. खेळाडूंच्या पगारावर सगळ्यांना सारखीच कमाल मर्यादा, २००८ मध्ये ती ११ कोटी ६० लाख डॉलर होती. त्यामुळे कुणी श्रीमंत मालक पैसे ओतून तुम्हाला चिरडूही शकत नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या विभागात ढकलले जातात; इथे तसलं भय नाही. उलट सर्वात वाईट संघाला पुढच्या वर्षी कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंमध्ये पहिली निवड मिळते. लीगची ही रचना स्पर्धा टिकावी म्हणून आहे आणि बहुतेक संघांच्या बाबतीत ती काम करते. पण ज्या मालकाला फारशी घाई नाही, त्याच्यासाठी याहून सुरक्षित धंदा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

मालक होते विल्यम क्ले फोर्ड, हेन्री फोर्डचे नातू. त्यांनी हा संघ १९६३ मध्ये ४५ लाख डॉलरला घेतला. सौदा पक्का झाला तो दिवस २२ नोव्हेंबर, केनेडींची हत्या झाली तोच. माणूस सभ्य, निष्ठावान, खेळाडूंच्या आवडीचा. निष्ठा हीच अडचण. २००१ मध्ये त्यांनी मॅट मिलन यांना संघाचा सगळा कारभार दिला. मिलन खेळाडू म्हणून थोर होते, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेल्या संघांत खेळलेले. नंतर टीव्हीवर उत्तम समालोचन करत. कुठल्याही संघाचा कारभार मात्र त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या काळात लायन्स ३१ सामने जिंकले आणि ८४ हरले. मध्येच २००५ मध्ये त्यांचा करार पाच वर्षांनी वाढवला! मी खर्चाच्या फायली बघणारी बाई. असा पुरवठादार आमच्याकडे दुसऱ्या तिमाहीला टिकला नसता.

त्यांची खरेदी बघा. संघाला मागची फळी हवी होती, बचाव हवा होता. यांनी २००३ च्या पहिल्या फेरीत घेतला रिसिव्हर. २००४ मध्ये रिसिव्हर. २००५ मध्ये पुन्हा रिसिव्हर. २००७ मध्ये चौथा. ताटात चार लोणची वाढायची आणि भाकरी थापायचीच नाही, तसा प्रकार. चौथं लोणचं म्हणजे केल्विन जॉन्सन अस्सल निघालं, हे मान्य. पण पहिला, चार्ल्स रॉजर्स, दुखापतींनी आणि इतर अडचणींनी काही काळातच संपला. तिसरा माईक विल्यम्सही दोन हंगामांत गेला.

लोक गप्प नव्हते. "फायर मिलन" असे फलक प्रत्येक मैदानात दिसत, हॉकीच्या आणि कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्यांतसुद्धा. डिसेंबर २००५ मध्ये चाहत्यांनी स्टेडियमभोवती मोर्चा काढला आणि आतमध्ये पाहुण्या सिनसिनाटी संघाचा नारिंगी रंग घालून बसले. काही झालं नाही. शेवटी २००८ मध्ये पहिले तीन सामने हरल्यावर मालकांच्या मुलानेच, म्हणजे फोर्ड मोटर कंपनीच्या अध्यक्षाने, पत्रकारांसमोर सांगून टाकलं की निर्णय माझ्या हातात असता तर मिलन गेले असते. दोन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मिलन गेले. मुलाने जाहीरपणे बोलल्यावर वडील हलले. आपल्याकडच्या किती पेढ्यांची नावं तुमच्या डोळ्यांसमोर आली असतील, मी विचारत नाही.

नुकसान झालं ते गेटवर. ६५ हजारांचं फोर्ड फील्ड भरेना. तेव्हा नियम असा होता की ७२ तास आधी तिकिटं संपली नाहीत तर सामना त्या गावच्या टीव्हीवर दाखवायचा नाही. त्या हंगामात डेट्रॉईटचे काही घरचे सामने डेट्रॉईटलाच दिसले नाहीत. शिक्षा म्हणून केलेला नियम. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी ती सुट्टी समजून घेतली. हा नियम २०१५ मध्ये स्थगित झाला.

ताई, तुम्ही मूळच्या कोल्हापूरच्या, म्हणून हक्काने विचारतो. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ हरला की चार दिवस चौकात तोंड दाखवायची सोय नसते. पण वर्षभर हरणाऱ्या संघाला त्या थंडीत बघायला जायचं? कशासाठी? (कोल्हापूर)

माझी पेठ कुठली ते सांगत नाही, नाहीतर तुमच्यातले निम्मे अंक बंद करतील. पण तालमीचा संघ निवडता येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. इथेही तेच. सीझन तिकिटं बापाकडून मुलाकडे जातात, घराच्या कागदांसारखी. थँक्सगिव्हिंगला लायन्सचा सामना ही प्रथा १९३४ पासूनची, मधली महायुद्धाची वर्षं सोडली तर अखंड. दुपारी सामना बघायचा, हरल्यावर जेवायचं. इथल्या कित्येक घरांत थँक्सगिव्हिंगचं जेवण शिव्यांशिवाय पचत नाही.

(थंडीचं म्हणाल तर फोर्ड फील्डला छप्पर आहे. तेवढी सोय आहे.)

आमच्या टूलरूममध्ये एक जुना डायमेकर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, होता. त्याच्या वडिलांनी २९ डिसेंबर १९५७ चा अंतिम सामना स्टेडियममध्ये बसून पाहिला होता. लायन्सनी क्लीव्हलँडला ५९-१४ ने हरवून विजेतेपद मिळवलं, ते आजवरचं शेवटचं. त्या सामन्याची हकीकत या माणसाने इतक्या वेळा ऐकली होती की ती तो स्वतः पाहिल्यासारखी सांगे, कुणाला थांबवायची हिंमत नसे. २००८ च्या शरद ऋतूत जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर पैज लागायची. जिंकणार का, ही पैज नव्हे. कितीने हरणार, ही. एक डॉलर प्रत्येकी, कॉफीच्या डब्यात. टेनेसीच्या आठवड्यात ज्याने सदतीस सांगितले त्याला उगाचच तज्ज्ञ म्हणू लागले.

आता त्याच महिन्यांत बाहेर काय चाललं होतं ते बघा. सप्टेंबरमध्ये डेट्रॉईटचा महापौर गुन्हा कबूल करून पायउतार झाला. नोव्हेंबरमध्ये तिन्ही मोटार कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, आणि गेले ते खासगी विमानांनी. ते सगळ्या देशाने पाहिलं. १९ डिसेंबरला बुश सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लरसाठी १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं. फोर्डने ते घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्या दोघी दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्याच. आमच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्यांना तर कुणी विचारतही नव्हतं. ऑर्डरी थांबल्या, पाळ्या बंद झाल्या, शुक्रवारी कुणाला वर बोलावलं की बाकीचे मशीनकडे बघत बसायचे. तरी सोमवारी डबा उघडल्यावर विषय लायन्सचाच. तिथे मिलनला, मालकाला, प्रशिक्षकाला मोठ्याने नावं ठेवता येत होती. आपल्या कारखान्याच्या व्यवस्थापनाला नावं ठेवायला तो महिना बरा नव्हता.

डायमेकर फेब्रुवारीत घरी गेला. सीझन तिकीट त्याने सोडलं नाही, बोट विकली.

लायन्सना शाप आहे असं वाचलं. खरं का? (एक वाचक, सोलापूर)

१९५८ मध्ये लायन्सनी आपला लाडका क्वार्टरबॅक बॉबी लेन पिट्सबर्गला देऊन टाकला. जाताना तो म्हणाला की हा संघ पन्नास वर्षं जिंकणार नाही, अशी दंतकथा आहे. १९५८ मध्ये पन्नास मिळवले की २००८ येतं, म्हणून लोकांना फार आवडते. पण सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत रिसिव्हर घेणं शापाला सुचलं नसतं.

काकू, सर्वात वाईट संघाला पहिली निवड मिळते, तर मग संघ मुद्दाम हरत असतील ना? मी मोबाईलवर सामने बघतो, मित्र म्हणतात सगळं ठरलेलं असतं. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

मित्रांना विचार की हरायचं ठरवलं तर कुणाला काय मिळतं. मैदानावरच्या खेळाडूचा बहुतेक करार हमीचा नसतो. संघ त्याला उद्या काढू शकतो. त्याच्या हातात एकच कागद आहे, तो म्हणजे त्याच्या खेळाची चित्रफीत, आणि ती उरलेले एकतीस संघ बघतात. पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकाने येणारा पोरगा कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. त्याच्यासाठी हा गडी का हरेल? प्रशिक्षकाचंही तसंच. २००८ चे लायन्सचे प्रशिक्षक रॉड मारिनेली व्हिएतनाम युद्धात लढलेले, शिस्तीचे. बचावाची जबाबदारी त्यांच्या जावयाकडे होती. न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ४२-७ ने हरल्यावर एका पत्रकाराने विचारलं की, तुमच्या मुलीने याहून बऱ्या बचाव प्रशिक्षकाशी लग्न करायला हवं होतं असं वाटतं का. भर पत्रकार परिषदेत! मारिनेलींनी तोल जाऊ दिला नाही. हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली.

ऑफिसात बसलेल्यांची गोष्ट निराळी. क्लीव्हलँड ब्राउन्सचं उदाहरण घे. २०१६ मध्ये १ विजय, १५ पराभव. २०१७ मध्ये सोळाच्या सोळा पराभव. लायन्सच्या पंगतीला दुसरं पान. तिथल्या व्यवस्थापनाने अनुभवी खेळाडू जाऊ दिले आणि पुढच्या निवडी साठवत राहिले. हे उघड धोरण होतं. सामने हरा असं कुणी कुणाला सांगितलं नसेल, पण जिंकता येईल असा संघही दिला नाही. ज्यांनी ते ठरवलं त्यातल्या प्रमुखाला हंगाम संपायच्या आतच काढलं. जानेवारी २०१८ मध्ये क्लीव्हलँडच्या हजारो चाहत्यांनी हाडं गोठवणाऱ्या थंडीत स्टेडियमभोवती मिरवणूक काढली, शून्याच्या आकाराची. तिरडीसारख्या सजवलेल्या गाड्यासुद्धा होत्या. मला विचारशील तर त्या वर्षीचं ब्राउन्सचं सर्वात सुसंघटित प्रदर्शन तेच.

माझा मुलगा दहा वर्षांचा, लायन्सचा वेडा. जानेवारी २०२५ मध्ये १५ विजयांचा हंगाम करूनही वॉशिंग्टनकडून घरच्या मैदानावर ४५-३१ ने हरले, तेव्हा दोन दिवस जेवला नाही. आता म्हणतो दुसरा संघ धरतो. काय सांगू? (कँटन, मिशिगन)

संघ बदलायचा असेल तर बदलू द्या. आठवडाभरात परत येईल. दहा वर्षांच्या मुलाने फक्त चांगले लायन्स पाहिले आहेत, त्याची काय चूक? २०२३ मध्ये १२ विजय, २०२४ मध्ये १५. त्याला हे सगळं नेहमीचं वाटतं.

२००८ चं पुराण मात्र त्याला ऐकवू नका. "आमच्या वेळी" म्हटलं की मुलं कान मिटतात. त्याऐवजी एक सामना दाखवा: २२ नोव्हेंबर २००९, लायन्स विरुद्ध ब्राउन्स. दोन्ही संघ त्या वर्षी तळाला, कुणाला त्या सामन्याचं सोयरसुतक नाही. त्या सप्टेंबरमध्ये लायन्सनी वॉशिंग्टनला १९-१४ ने हरवून सलग १९ पराभवांची रांग तोडली होती, त्यानंतर पुन्हा हरायला लागले होते. क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, एकवीस वर्षांचा, शून्य विजयांच्या बदल्यात मिळालेली तीच ती पहिली निवड. शेवटच्या क्षणी त्याने लांब पास टाकला, ब्राउन्सच्या बचावपटूने त्याला जमिनीवर आपटलं आणि डावा खांदा निखळला. घड्याळात वेळ शून्य. पण ब्राउन्सना दंड झाला, त्यामुळे आणखी एक डाव मिळाला. डॉक्टर त्याला बाकावर धरून बसलेले. ब्राउन्सने टाइमआउट घेतला, तेवढ्या फटीत हा डॉक्टरांच्या हातून सुटून मैदानात परतला आणि एका यार्डावरून पेटिग्रू या सहकाऱ्याला टचडाउन पास दिला. ३८-३७.

लायन्सचा तो हंगामही २ विजय आणि १४ पराभवांवर संपला, हे त्याला सामना बघून झाल्यावर सांगितलं तरी चालेल.